रणवरे सरांचा भीमाकाठ

रणवरे सर कधी 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' म्हणाल्याचं मला आठवत नाही. स्टाफरूममध्ये शेजारच्याला ते सांगायचे, "कप जरा पूर्वेला घ्या, पेपर ओले होतील." उशिरा आलेल्या मुलाला म्हणायचे, "दक्षिणेच्या बाकावर जाऊन बस." मी सोलापूरच्या त्या कॉलेजात भूगोल शिकवायला रुजू झाले, तेव्हा मला ती शिक्षकी गंमत वाटली होती. मी मूळची बार्शीची. आमच्याकडे पत्ता सांगताना माणसं दुकानांची नावं घेतात, दिशांची नाही.

ती गंमत नव्हती, हे एकदा कळलं. सरांना कॉलेजातच ताप भरला म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडायला गेले. वाटेत ते डोळे मिटून पडले होते. गल्लीत गाडी थांबली, ते उतरले आणि फाटकाचा गज धरून तसेच उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, उत्तर कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

मी हात करून दाखवला. त्या दिशेला तोंड करून त्यांनी दोन-चार श्वास घेतले आणि मग आत गेले. तापातलं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं, पण तो चेहरा काही केल्या विसरता येईना. जत्रेत पोराचा हात सुटल्यावर बापाचा होतो, तसा तो झाला होता.

सर उंच, किडकिडीत. पांढरा बुशशर्ट, खिशाला टोक काढलेल्या दोन पेन्सिली. बोटं मात्र शेतकऱ्याची, जाड पेरांची. समोच्च रेषा शिकवताना ते पोरांना मूठ वळायला लावायचे आणि मुठीच्या उंचवट्यांवर पेनाने गोल गोल रेघा काढायला सांगायचे. "आता मूठ उघडा. डोंगर सपाट झाला. नकाशा म्हणजे एवढंच." तास संपला की अख्खा वर्ग हातावर डोंगर घेऊन कॅन्टीनला जायचा.

आणि त्यांच्याकडे ती शीट होती. भीमेच्या खोऱ्याचा जुना, धरणाच्या कितीतरी आधीचा, एक इंचाला एक मैल असा भूरूप नकाशा. मागे कापड चिकटवलेला, घड्यांवर पिवळा पडलेला. विभागातले जुने नकाशे रद्दीत निघाले तेव्हा सरांनी तो मागून घेतला होता. त्यात नदी म्हणजे निळ्या रेघेत वाळूचे बारीक ठिपके. काठाने गावं, गाडीवाटा, विहिरी, देवळं, आमराया. गावांची नावं इंग्रजीत आणि इतकी वाकडीतिकडी लिहिलेली की वाचताना पोरं हसायची. सर ती नावं दुरुस्त करून, सावकाश उच्चारायचे. त्यांचं स्वतःचं गाव निमसांगवीही त्यात होतं. एक ओढा भीमेला मिळतो तिथलं, पंचवीस-तीस उंबऱ्यांचं. आज त्या सगळ्यावर उजनीचं पाणी आहे.

विभागात कुलपाचं कपाट होतं, पण ही शीट सरांनी तिथं कधी ठेवली नाही. सकाळी पत्र्याच्या नळीत घालून आणायची, संध्याकाळी घरी न्यायची. कुणीतरी एकदा चेष्टेत म्हणालंही, "सर, नकाशा काय घरी झोपायला नेता का?" सर हसले नाहीत. "हो," म्हणाले आणि नळी काखेत मारून निघून गेले.

एकदा प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही त्या शीटवर ट्रेसिंग पेपर ठेवून जलाशयाची आजची हद्द काढत होतो. निळ्या पेन्सिलीने रंगवत गेलो तशी एकेक वाट, एकेक विहीर निळ्याखाली जायला लागली. मुलांना मजा वाटत होती. समोच्च रेषांवरून कुठं किती खोल पाणी असेल याचा अंदाज सर करून दाखवत होते. अकलूजची एक मुलगी होती, फार चौकस. तिने ओढ्याच्या काठावर पेन्सिलीने काढलेल्या एका बारक्या वर्तुळावर बोट ठेवलं. "सर, इथं किती खोल असेल?"

सरांनी तिचं बोट उचलून बाजूला केलं. रागाने नाही, हळूच. "तिथलं नको. दुसरी जागा घे."

"पण सर, हे चिन्ह कशाचं आहे? सूचीत नाही."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.  शेवटी मीच तास पुरा केला.

त्याच वर्षी आम्ही सहलीला पुण्याच्या बाजूला निघालो होतो. जेऊर स्टेशन मागे पडलं आणि थोड्या वेळाने धरणाचा फुगवटा दिसायला लागला. रोहित पक्षी उतरले होते. सगळी पोरं एका बाजूच्या खिडक्यांवर कोसळली. डबा कलंडतो की काय असं वाटावं इतकी. सर पाण्याकडे पाठ करून समोरच्या बाकावर जाऊन बसले. डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत. वाकून ऐकलं तर ती गावांची नावं होती. गाडी पुढे जाईल तसं एकेक नाव. स्टेशन आल्यावर शेजारच्याला उठवण्यासाठी सांगावं, तितक्या हलक्या आवाजात. पाणी संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"दर वेळी म्हणता?" मी विचारलं.

"कुणीतरी म्हणायला पाहिजे," ते म्हणाले. "खाली माणसं नाहीत, मला माहितीये. तरी पण."

निमसांगवीचं खरं काय ते मला त्यांच्या बायकोने सांगितलं. ताराकाकू. बुटक्या, सावळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. पदवीधर नवऱ्याबरोबर शहरात उभा जन्म गेला, पण बोलणं नदीकाठचंच राहिलं होतं. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, तर सर बाहेर गेलेले आणि काकू आतल्या खोलीत पलंगावर बसलेल्या. समोर ती शीट पसरलेली. वर्तुळावर एक शेवंतीचं फूल होतं.

मी दारातच थांबले. काकू म्हणाल्या, "ये गं. भिऊ नगं. बस."

मी बसले. काकूंनी शीटवर हात फिरवला. "ह्या तपकिरी रेघा चढाच्या. जवळ जवळ आल्या की चढ उभा. हे निळं टिपकं म्हंजी आमची हीर. हे देऊळ. मला अ का ठ येत न्हवतं, पर ह्यातलं समदं येतं. ह्यांनी शिकिवलं."

मग त्यांनी फुलाकडे बोट केलं. "हितं आमची पोरगी हाय."

पहिली मुलगी. पाचवी पुजली होती, बारसं व्हायचं होतं. त्याआधीच एका सकाळी ती उठली नाही. काकू बाळंतिणीच्या खोलीत. त्यांना उठू दिलं नाही कुणी. सर तेव्हा सोलापूरला शिकत होते, लेकीचं तोंड बघायला म्हणून गावी आलेले. ते आणि त्यांचे वडील, आबा, लेकराला फडक्यात गुंडाळून ओढ्याकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा दोघांच्या पायाला चिखल होता.

"कुटं ठेवलं म्हून मी इचारलं न्हाय. तवा इचारायची रीत न्हवती. मग गाव उठलं, पाणी चढलं. आबा गेले. पुडं दोन ल्योक झाले, शिकले, पुण्याला गेले. पर रातीला मला तिचा इचार यायचाच. पाण्याखाली नेमकी कुटं? वाहून तर न्हाय गेली?" काकूंनी फुलाचा देठ सरळ केला. "मग लई वर्सांनी ह्यांनी ही शीट आणली. पेन्सिलीनं गोल काढला आन् म्हनले, तारा, ही बघ, हितं हाय. तवापास्नं मला नीट झोप लागती."

शीट रोज रात्री काकूंच्या उशाशी असायची. 'हो' म्हणून सर निघून गेले होते, ते खरंच होतं.

सर निवृत्त झाले. मी अधूनमधून जात राहिले. मग तो कडक उन्हाळा आला. धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या पातळीच्याही खाली, गेल्याची बातमी रोज यायची आणि लोक फुगवट्यात उघडी पडलेली जुनी गावं बघायला गाड्या घेऊन जायचे. कुणीतरी मोबाइलवर टाकलेल्या एका व्हिडिओत काकूंनी आपल्या गावच्या देवळाचा चौथरा ओळखला.

सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "मॅडम, गाडी काढाल का? तारा ऐकत नाही."

"तुम्हाला जायचं नाही का, सर?"

"जमलं तर मला जायचं नव्हतं," ते म्हणाले.

जेऊरवरून आम्ही काठापर्यंत गेलो. तिथं शंकरनाना नावाचे एक म्हातारे मासेमार भेटले. ओढ्यापलीकडच्या गावचे. ते वाट दाखवायला पुढे झाले. "मी पाय ठेवीन तितंच पाय ठेवा, न्हायतर रुतशीला." भेगाळलेली काळी जमीन, तिच्यात रुतलेले शिंपले, फाटकी जाळी, आणि मधेच एखादं जोतं, एखादा उंबरा. सर नावं घेत चालले होते. हा अमक्याचा वाडा, ही चावडी, ही तालीम. काकूंच्या हातात दुधाची स्टीलची बाटली होती. ती त्यांनी मला धरायलाही दिली नाही.

सरांनी देवळाच्या चौथऱ्यावर चढून शीट उघडली. होकायंत्र डोळ्याला लावलं. विहिरीचा कठडा सापडला, ओढ्याचं वळण सापडलं. सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटत गेला, आणि काकूंचा हात धरून ते वर्गात चालायचे तसे ताठ चालू लागले. मी आणि नाना मागे.

"ही," सर थांबले. "हीच जागा."

काकू बसल्या. वाळलेल्या गाळाचा पापुद्रा त्यांनी हाताने बाजूला केला. खाली काळा खडक लागला. थोडं पुढे सरकून तिथला गाळ काढला. तिथंही खडकच. आणखी पुढेही तोच. सलग, गुळगुळीत, लांबवर पसरलेला.

त्यांनी मान वर केली. "अवो, हितं कुदळ कशी लागली तुमची?"

"माती असंल तवा," सर म्हणाले. बायकोशी बोलताना त्यांची भाषाही नदीकाठची व्हायची. "पाण्यानं खरवडून नेली असंल."

नानांना आम्ही काय शोधतोय ते ठाऊक नव्हतं. ते भाबडेपणाने म्हणाले, "न्हाय सर, हा पयल्यापास्नं खडकच की. दोन्ही गावच्या बाया हितं धुणं धुवायच्या. माजी आई यायची, मी बी यायचो तिच्यासंगं."

सर परत देवळापर्यंत गेले. पुन्हा होकायंत्र लावलं, पुन्हा तेच अंतर चालत आले, आणि पुन्हा त्याच खडकावर येऊन उभे राहिले. त्या उन्हात त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"तारा," ते म्हणाले, "मी डोळं मिटतो तवा आबांचा हात दिसतो. कुदळ दिसती. ते फडकं दिसतं. पर भवताली बघाया गेलो की नकाशाच दिसतो. ही शीट हाती आली तवा मी आठवून आठवून खूण केली. मला वाटलं, बरोबर हाय. खरंच वाटलं गं."

"मग ती कुटं हाय?"

सरांनी हात उचलला. तो ओढ्याकडे गेला, तिथून नदीकडे वळला, मग मधेच लोंबकळला. आयुष्यभर दिशा सांगणारा तो हात मी तसा कधी पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी तो खाली घेतला.

मला वाटलं, काकू आता मोकळेपणी रडतील. पण त्यांनी पदराने हात पुसले आणि त्या उठल्या. "चला. ऊन लागतंय ह्यांना."

आम्ही परत निघालो. उन्हाने बाटलीतलं दूध नासलं होतं, त्याचा आंबूस वास सोलापूर येईपर्यंत येत होता. काकूंनी काच खाली करू दिली नाही.

त्यानंतर मी गेले की सर म्हणायचे, "पिशवी तिकडे ठेवा." नुसतं 'तिकडे'. शीट कोपऱ्यात नळीत उभी असायची. एकदा मी ती काढून पाहिली. वर्तुळ खोडून टाकलेलं होतं. इतकं घासून की तिथं कागद विरला होता आणि मागचं कापड दिसत होतं.

आणि काकूंनी नळाचं पाणी प्यायचं सोडलं.

सोलापूरला पाणी उजनीचं. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तेव्हा आमच्याकडे सण असल्यासारखी धावपळ असते. काकूंनी त्या पाण्याने भांडी घासली, कपडे धुतले, पण घोट घेतला नाही. मी समजवायला गेले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आदी ती एका जागी हुती गं. बाकीचं पाणी, नुसतं पाणी हुतं. आता कुटलं पाणी तिचं न्हाय, ते मला सांग."

 सरांनी तर विचारलंही नाही. त्या वयात ते स्कूटरला दोन कॅन अडकवून पलीकडच्या वसाहतीतल्या बोअरचं पाणी आणायचे. गल्लीतले लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलंय आणि सर तिचे लाड करतायत. सर मान खाली घालून कॅन उतरवायचे. त्या दोघांत भांडण झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण बोलणंही ऐकलं नाही फारसं. शेजारीशेजारी बसलेले असायचे दोघं, आणि मधे कुणीतरी तिसरं बसलंय असं वाटून मी पलीकडची खुर्ची घ्यायची.

पावसाळ्यात धरण भरलं. खडक, चौथरा, विहीर सगळं पुन्हा खाली गेलं. गणपतीच्या आसपास काकू तापाने आजारी पडल्या आणि त्यातून उठल्याच नाहीत.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी सर आणि त्यांचे दोघं मुलगे अस्थी घेऊन निघाले. सरांनी मला यायला सांगितलं होतं. मुलांना पंढरपूरला किंवा संगमावर कुठंतरी जावं असं वाटत होतं. सर म्हणाले, "तिनं सांगून ठेवलंय. म्हणाली, मला तितंच सोडा. पाणी पसरंल तशी मी बी पसरन. कुटं ना कुटं गाठ पडंल."

शंकरनानांनी होडी काढली. इंजिन लावून ते खोल पाण्याकडे निघाले. त्यांना आता सगळं ठाऊक झालं होतं. निम्म्यात आल्यावर त्यांनी विचारलं, "सर, कुटं थांबवू?"

सरांनी चौफेर पाहिलं. काठ दूर गेला होता. सगळीकडे सारखंच करडं पाणी होतं.

"थांबवू नका," ते म्हणाले. "चालूच ठेवा."

आणि चालत्या होडीच्या कडेने वाकून त्यांनी मडकं हळूहळू तिरपं केलं. ती पांढुरकी रेघ आमच्या मागे लांबत गेली, रुंद झाली, मग दिसेनाशी झाली. थोरला मुलगा हुंदके देत होता. सर रिकामं मडकं मांडीवर घेऊन त्या रेघेच्या जागेकडे बघत राहिले. पाण्याकडे तोंड करून बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मुलं त्यांना पुण्याला न्यायला निघाली होती. सर येतो म्हणाले, पण आज-उद्या करत राहिले. जायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले, तर नेमका नळ यायचा दिवस होता. गल्लीत बादल्यांचा, मोटारींचा गोंगाट चाललेला. फाटक उघडंच होतं. सर अंगणातल्या नळापुढे उकिडवे बसले होते. हातात पितळी पातेलं.

नळ खोकला, हवा सोडू लागला, आणि मग पाणी आलं. चार दिवस पाइपात तुंबलेलं, लालसर, गढूळ. शेजारची बाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "सर, आदीचं सोडून द्या की. घाण हाय ती. जरा दमानं निवळ येतंय."

सरांनी पातेलं नळाखालून काढलं नाही.

"सर, गढूळ आहे ते," मीही म्हणाले.

"म्हणूनच," ते म्हणाले. "गाळ धरणाच्या तळाचाच ना."

पातेलं भरलं. पाणी निवळ व्हायला लागलं तसा त्यांनी नळ बंद केला, पातेलं दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. मी उभीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पातेल्यावर वाकून, श्वास रोखून, ते गाळ खाली बसायची वाट बघत होते.